१९९६ च्या गणपतीची कॅसेट, क्लबहाउसचा टीव्ही आणि कडेच्या काळ्या पट्ट्या

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 यंदा आपल्या सोसायटीचा ३०वा गणपती. १९९६ च्या पहिल्या गणपतीची व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली आहे. शनिवारी आरतीनंतर ८.३० ला क्लबहाउसच्या ५५ इंची टीव्हीवर लावणार. काल ट्रायल घेतली. एक मिनिटाची क्लिप खाली टाकतो.

डी-२०२ वहिनी: अगंबाई, आमचा मोठा झबल्यात आहे यात! आता तो २९ वर्षांचा घोडा झालाय.

बी-२०४ काकू: क्लिप पाहिली. ह्यांना मी ओळखलंच नाही. मंडपाची दोरी ओढताहेत ते हेच, चौकडीच्या शर्टावरून कळलं. तेव्हा ह्यांचं वजन ५२ किलो होतं, शर्ट अंगात लोंबायचा. इथे गाल भरलेले, खांदे रुंद. वेगळाच माणूस वाटतो. कॅसेट जुनी झाली की असं होतं का?

सी-३०३ दादा: काकू, कॅसेटचा काही दोष नाही. चित्र आडवं ओढलंय. आत्ताच क्लबहाउसमध्ये जाऊन मापाची टेप लावून मोजून आलो. मंडपामागे जिन्याच्या भिंतीवर गोल घड्याळ आहे बघा, ते टीव्हीवर आडवं २४ सेंटीमीटर भरतं आणि उभं १८. म्हणजे सगळंच एक तृतीयांशाने रुंद झालंय. घड्याळ, मखर, गणपतीची सोंड आणि काका, सगळे.

जुन्या कॅसेटचं चित्र ४:३ असतं, म्हणजे ४ भाग रुंद आणि ३ भाग उंच. तेव्हाचे टीव्हीही तसेच. आताचा टीव्ही १६:९. तीन भाग उंचीला चार भाग रुंदी पुरायची तिथे आता सव्वापाचहून जरा जास्त भाग जागा आहे. ती भरायला कोणीतरी चित्र ओढलं, बाकी काही नाही.

खजिनदार (ए-३०२): दादा, पण स्क्रीन भरून दिसायला नको का? ५५ इंचाचा टीव्ही सगळ्यांच्या वर्गणीतून घेतला. दोन्ही बाजूंना काळं दिसलं तर लोक विचारतील, टीव्ही बिघडला का म्हणून.

सी-३०३ दादा: विचारतील, मान्य. पण आकडे बघा. आपल्या टीव्हीचा पडदा अंदाजे १२२ सेंटीमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट उंच आहे. ४:३ चित्र पूर्ण उंचीत बसवलं की रुंदी ९१ येते आणि दोन्ही कडांना १५-१५ सेंटीमीटर काळं राहतं. ९६ साली हीच कॅसेट आपण सगळ्यांनी एका २१ इंची टीव्हीभोवती दाटीवाटीने बसून पाहिली होती. त्याचं चित्र जेमतेम ३२ सेंटीमीटर उंच. म्हणजे पट्ट्या ठेवूनही शनिवारी ते दुपटीहून मोठं दिसेल. काही कमी पडत नाहीये.

डी-४०१: काका, मग रिमोटवरून झूम करू. जाडही नाही, पट्ट्याही नाहीत.

सी-३०३ दादा: झूम केलं की उंचीचा चौथा भाग जातो, वरून साडेबारा टक्के आणि खालून साडेबारा. क्लिपमध्ये बघ काय जातं ते. वरून गणपतीच्या मखराचा कळस आणि “मंगलमूर्ती मोरया”ची थर्माकोलची अक्षरं. खालून पाटावर बसलेली पोरं आणि उजव्या कोपऱ्यातली तारीख-वेळ. ती अक्षरं तुझ्या आजोबांनी ब्लेडने कापलीत. ती अर्धी दाखवायची?

डी-४०१: नको नको. मला माहीतच नव्हतं ती आजोबांनी केली होती.

बी-१०३: काही टीव्हीत मधलं चित्र तसंच ठेवून फक्त कडा ओढायचा मोड असतो ना? आमच्याकडे आहे.

सी-३०३ दादा: असतो. बसलेल्या माणसांवर एक वेळ चालून जातं. पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की तोच माणूस कडेला जाड, मध्ये बारीक, पुन्हा जाड. आपल्या कॅसेटमध्ये तर कॅमेरा सतत फिरतोय, विसर्जनाच्या मिरवणुकीत फारच.

सेक्रेटरी (ए-१०१): मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ केलं की झालं ना? ते मी शनिवारी करतो.

सी-३०३ दादा: सेक्रेटरी साहेब, करून पाहिलं. आकाराचा प्रश्न सुटतो, पण एक मोठी अडचण उरते आणि ती फाइलमध्येच आहे. दुकानाने फाइल १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची करून दिलीय, ओढलेलं चित्र आतच बसवलंय. ओढलेलं परत आत घेता येतं, त्यात आकाराचं नुकसान नाही. पण ओढण्याआधी एक काम करायचं असतं ते त्यांनी केलेलं नाही.

क्लिपमध्ये लेझीम खेळणारी मुलं आहेत. त्यांच्या हाताशी थांबवून बघा. हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतील. कारण असं की जुन्या कॅमेऱ्याचं एक चित्र दोन हप्त्यांत घेतलेलं असतं. आधी एक सोडून एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. तेवढ्या वेळात लेझमीचा हात पुढे गेलेला असतो, म्हणून दोन्ही ओळी जुळत नाहीत. जुन्या काचेच्या टीव्हीला ते हप्ते एकामागून एक दाखवायची सवयच होती, म्हणून त्यावर दात दिसायचे नाहीत. नव्या टीव्हीला चित्र एकदम पूर्ण लागतं. म्हणून आधी ते दोन हप्ते सुटे करायचे, सेकंदाला २५ ऐवजी ५० पूर्ण चित्रं तयार करायची, आणि मगच मोठं करायचं. याला डीइंटरलेस म्हणतात. दुकानाने तसं न करता कॅसेटच्या चित्राच्या ५७६ ओळी थेट १०८० केल्या. दात एकमेकांत मिसळून जाड शिडीसारखे झाले. ते आता सुटे होत नाहीत. भाजी शिजल्यावर तिखट बाजूला काढण्यातला प्रकार.

मी १९९८ ते २००९ लग्नाच्या कॅसेटी एडिट करत होतो. ही चूक सगळ्यात जास्त मला खटकते, कारण ती घाईतून होते आणि घरच्यांना कळतही नाही. त्यांना वाटतं आपलीच कॅसेट खराब.

खजिनदार (ए-३०२): मग आता परत पैसे? परत कॅसेट द्यायची?

सी-३०३ दादा: आधी दुकानात एवढंच विचारा: कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल अजून आहे का? ७२० गुणिले ५७६ ची. डीव्हीमध्ये (डिजिटल व्हिडिओचा एक जुना प्रकार) उतरवली असेल तर तासाला साधारण १३ जीबी असते. असेल तर पैसे लागणार नाहीत, मी रात्री बसून करतो. हार्ड डिस्क घेऊन जा. साध्या पेन ड्राइव्हला फॅट-३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीवरची एक फाइल तो घेतच नाही.

डी-४०१: काका, मी दुकानात जातो. पण एक विचारू? हल्ली एआयने जुना व्हिडिओ एकदम फोर-के होतो. मी फ्री ट्रायलवर एक फोटो केला. टाकू?

डी-४०१: [फोटो]

डी-२०२ वहिनी: केवढा स्वच्छ आलाय!

बी-२०४ काकू: स्वच्छ आहे बाळा, पण ह्यांच्या हनुवटीवर तीळ होता. तो कुठे गेला? आणि दातही असे नव्हते, पुढचा एक थोडा आत होता.

सी-३०३ दादा: काकू, बरोबर पकडलंत. व्हीएचएसवर आडव्या दिशेला जेमतेम २४० ओळींचा तपशील असतो. मागच्या रांगेतला चेहरा म्हणजे बोटभर जागेत पाच-सात ठिपके. त्यातून फोर-के चेहरा काढायचा तर मशीनला बाकीचं मनाने भरावं लागतं. ते हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून भरतं. भिंत, मंडप, रस्ता यांना चालेल. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला माझा तरी हात लागणार नाही.

डी-४०१: समजलं. फोटो डिलीट करतो. सॉरी काकू.

बी-२०४ काकू: अरे सॉरी कशाला, तू मनापासून केलंस.

(दुसऱ्या दिवशी)

डी-४०१: काका, फाइल मिळाली! ५८ मिनिटांची, साडेबारा जीबी. दुकानवाल्यांनी काही न बोलता दिली.

सी-३०३ दादा: शाब्बास. आता ऐक, पुढच्या वेळी तू करशील म्हणून सविस्तर लिहितो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करून ‘बॉब’ निवडायचं, म्हणजे ५० चित्रं मिळतात. डीव्हीत खालच्या ओळींचा हप्ता आधी असतो. हा क्रम उलटा लागला तर माणसं चालताना पुढे-मागे थरथरतात, तेवढं बघून घ्यायचं. मग आकार. ७२० ला ५७६ ने भाग दे, १.२५ येतो, १.३३ नाही. कारण या फाइलचे ठिपके चौरस नसतात, किंचित आडवे असतात. प्लेअरला ते कळलं नाही तर माणसं उलट बारीक दिसतात. म्हणून अंतिम माप स्वतः १४४० गुणिले १०८० टाकायचं आणि डाव्या-उजव्या बाजूला २४०-२४० काळी बॉर्डर देऊन १९२० पूर्ण करायचं. काळं फाइलमध्येच असलं की शनिवारी रिमोटवर कोणी काहीही दाबलं नाही तरी चित्र आपोआप बरोबर येतं. घरी जपायच्या प्रतीत मात्र बॉर्डर नको, आणि मूळ साडेबारा जीबी कधीच पुसायची नाही.

बी-१०३: बातम्यांत दाखवतात तसं कडेला तेच चित्र धूसर करून टाकलं तर?

सी-३०३ दादा: येतं करता, पण मन लागत नाही हो. मध्ये आरती चाललेली आणि दोन्ही कडांना तीच आरती हललेली. डोळा तिकडेच जातो. अंधारात काळी पट्टी पाच मिनिटांत दिसेनाशी होते.

सेक्रेटरी (ए-१०१): चित्राच्या अगदी खाली एक वेडीवाकडी पट्टी थरथरते आहे. ती कसली?

सी-३०३ दादा: कॅसेट वाचताना व्हीसीआर तिथे टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो. प्रत्येक व्हीएचएसला ती असते. जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपायच्या म्हणून आपण कधी पाहिली नाही. तेवढ्या दहाएक ओळींवर काळं टाकलंय, कापून ओढलेलं नाही. आणि टीव्हीची शार्पनेस शून्याजवळ आणा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद. शार्पनेस वाढवली की कॅसेटचे दाणेच टोकदार होतात.

सी-३०३ दादा: [व्हिडिओ, १ मिनिट]

डी-२०२ वहिनी: लेझीम आता कशी सरसर दिसतेय!

खजिनदार (ए-३०२): घड्याळ गोल आलंय. मी स्क्रीनवर वाटी ठेवून बघितलं. पट्ट्या राहू द्या.

बी-२०४ काकू: हो. हेच ते. शर्ट तसाच लोंबतोय. दोरी ओढताना मान तिरकी करायची सवय होती. दादा, तिथे थांबवून मला एक फोटो काढून द्याल का? भिंतीवर लावीन म्हणते.

सी-३०३ दादा: देतो काकू. मात्र पोस्टकार्डाएवढाच छापू, मोठा केला तर तीळ पुसट होईल. ७ मिनिटं १२ सेकंदांवर ते कॅमेऱ्याकडे बघतात, तोच काढतो. सकाळी घरी आणून देतो.