मदत हवी आहे: एलटीई ट्रॅफिकचा हर्स्ट निर्देशांक पद्धतीगणिक वेगळा येतोय

नमस्कार मंडळी. एका एलटीई (4जी मोबाइल) सेलच्या डाउनलिंकचा (टॉवरकडून फोनकडे जाणाऱ्या डेटाचा) गर्दीच्या 1 तासाचा ट्रेस, म्हणजे नोंद आहे, 1 मिलिसेकंदाच्या कप्प्यांत मोजलेले बाइट्स. व्हेरियन्स-टाइम आलेखात (कप्पे मोठे करत गेल्यावर चढउतार किती वेगाने घटतात ते दाखवणारा लॉग-लॉग आलेख) उतार −0.3 च्या आसपास, म्हणजे हर्स्ट निर्देशांक (ट्रॅफिकची दीर्घ स्मृती मोजणारा आकडा) H = 1 − 0.3/2 = 0.85. ट्रॅफिक पॉयसन (स्मृती नसलेलं, यादृच्छिक) असतं तर उतार −1 आला असता, तेव्हा तो प्रश्नच नाही. पण डोबेशी वेव्हलेटने (सिग्नल वेगवेगळ्या स्केलवर तोडून पाहणारी पद्धत; 3 व्हॅनिशिंग मोमेंट) तोच ट्रेस H = 0.7 दाखवतो.

संशय ट्रेंडवर आहे. तासाभरात वापरकर्ते वाढले की सरासरी सरकते, आणि व्हेरियन्स-टाइम तिलाच दीर्घ स्मृती समजून H फुगवतो. वेव्हलेट बहुपदी ट्रेंड गाळतं, पण हँडओव्हरमुळे (फोन एका सेलमधून दुसऱ्यात गेल्यामुळे) येणारी अचानक पायरी गाळत नाही. म्हणून 0.7 वरही डोळे मिटून विश्वास नाही.

दुसरं, 8 मिलिसेकंदांच्या हार्क (HARQ, चुकलेला डेटा पुन्हा पाठवण्याची यंत्रणा) पुनर्प्रेषणामुळे बारीक स्केलवर कुबड येतं. सरळ रेषा कितव्या ऑक्टेव्हपासून (दर वेळी दुप्पट होणाऱ्या स्केलच्या पायरीपासून) बसवावी? सध्या 128 मिलिसेकंदांखालचं सगळं सोडलंय. ट्रेसचे 10-10 मिनिटांचे तुकडे करून H स्थिर राहतो का, हे पाहणं पुरेसं आहे, की आधी चेंज-पॉइंट चाचणी (सरासरी अचानक कुठे बदलली ते शोधणारी) हवीच?

सिम्युलेशन पॅरेटो ऑन-ऑफ स्रोतांनी (आळीपाळीने चालू-बंद होणारे, कालावधी लांब शेपटीच्या पॅरेटो वितरणातून; α हा त्या शेपटीचा घातांक) करायचंय. H = (3 − α)/2 धरला तर 0.85 ला α = 1.3, 0.7 ला 1.6. फरक किरकोळ नाही: α 1 कडे झुकला की नमुन्याची सरासरी फार सावकाश स्थिरावते आणि बफरचे आकडे दर रनला बदलतात. शेपूट कापलेला पॅरेटो वापरणाऱ्यांनी वरची मर्यादा कशावरून ठरवली, तेही सांगा.