बार्बाडोसला जाऊन रिसॉर्टातच जेवलात? मग तिथल्या जेवणाला नावं ठेवू नका

मुक्कामपोस्ट:
थंडी पडली की 'बार्बाडोसला चाललोय, काय खाऊ?' असे निरोप यायला लागतात. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला आणि रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं, तेव्हापासून जरा जास्तच. त्या सामन्याला मी गेलो होतो आणि नंतरही तिथे रेंगाळलो, म्हणून मला विचारतात. तर माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हवं तेवढं भांडा. 'ऑल इन्क्लुझिव्ह' पॅकेज घेऊन रिसॉर्टात तीन वेळा बुफे हाणणाऱ्याने वेस्ट इंडियन जेवण 'काही खास नाही' असं म्हणू नये. माझा भाचा परवा हेच म्हणाला. काय खाल्लंस विचारलं, तर पास्ता, पिझ्झा आणि एका रात्री 'कॅरिबियन नाइट'मध्ये वर अननसाची चकती ठेवलेलं चिकन!

बार्बाडोसमध्ये वार बघून जेवायचं असतं. शुक्रवारच्या दुपारी कू-कू आणि उडता मासा. भेंडी उकळून तिच्या बुळबुळीत पाण्यात मक्याचं पीठ वैरतात आणि चपट्या लाकडी दांड्याने घोटत राहतात. हात थांबला की गुठळी झालीच. लोणी लावलेल्या वाडग्यात ते थापून ताटात उपडं करायचं, वर चमच्याने खळगा करायचा आणि त्यात टोमॅटो, कांदा, थाइम, लिंबू घातलेला माशाचा रस्सा ओतायचा. हा तिथला राष्ट्रीय पदार्थ. शनिवारी पुडिंग अँड साउस: शिजवून लिंबाच्या रसात, काकडी-कांदा-मिरचीत मुरवलेलं गार डुकराचं मांस आणि सोबत वाफवलेलं मसालेदार रताळं. रविवारी घरोघरी मॅकरोनी पाय, भात-वाटाणे आणि भाजलेलं चिकन.

हे मिळतं कुठे? रम शॉपमध्ये (म्हणजे गल्लीतला छोटा बार, जिथे जेवणही मिळतं), बाजारातल्या खानावळीत, आणि दुपारी बाराच्या सुमारास ऑफिसातली मंडळी जिथे रांग लावतात तिथे. मेनू बहुधा फळ्यावर खडूने लिहिलेला. एक वाजून गेला की त्यातल्या निम्म्या ओळी पुसलेल्या. टेबलावर पिवळ्या मिरची-सॉसची बाटली असते. मोहरी आणि हळदीमुळे ती दिसायला निरुपद्रवी वाटते, पण आत स्कॉच बॉनेट मिरची आहे. कोल्हापूरकरांनीसुद्धा आधी थेंबभरच घ्यावं.

नलूताई:
वाचायला छान आहे हो, पण तुमच्या यादीत मला खाण्यासारखं नेमकं काय आहे ते सांगा. कू-कूवर माशाचा रस्सा, शनिवारी डुक्कर, रविवारी चिकन. 'भात-वाटाणे घ्या, शाकाहारी आहे,' असं मलाही एका हुशार माणसाने सांगितलं होतं. त्या भातात चवीला खारवलेली डुकराची शेपटी घालतात, हे ताट पुढ्यात आल्यावर वाढणाऱ्या बाईनेच सांगितलं. बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली.

सासूबाई ऐंशीच्या, मुलगा अंडंही न खाणारा. अशा वेळी रिसॉर्टातला आचारी येऊन 'मॅडम, तुमच्यासाठी वेगळं करून देतो' म्हणतो, ते मला तुमच्या अस्सलपेक्षा मोलाचं वाटतं. सुट्टी आहे, परीक्षा नाही. आणि समुद्र अस्सल होता ना? पुरे.

गलबत:
मी वेंगुर्ल्याचा, क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतो. कॅरिबियनच्या बंदरांत ऊठबस असते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं मारतो.

नलूताई, तुमचं खरं आहे. आमची बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. त्यातले चार तास प्रवाशाचे बीचवर जातात. त्या माणसाला 'रम शॉप शोध' सांगण्यात काही राम नाही. पण मुक्कामपोस्ट, तुम्ही अस्सल-अस्सल म्हणता त्याचा माल कुठून येतो ते बघितलंत का? रविवारच्या पायमधली मॅकरोनी आयात, वरचं चेडर बहुतेक न्यूझीलंडचं. फिश केकमधला खारवलेला कॉड उत्तर अटलांटिकचा. कॅरिबियनच्या पाण्यात कॉड सापडतच नाही. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात प्रथिनं मिळावीत म्हणून मालकांनी कॅनडाकडचा हलक्या प्रतीचा कॉड आणला. सगळी जमीन उसाखाली, मग खायला बाहेरूनच आणावं लागणार. नीरफणससुद्धा तिथला नव्हे. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून रोपं आणून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात उतरवली, तीही गुलामांना स्वस्तात पोसायलाच. आमच्या परसातला नीरफणस आणि तिथला एकच. आम्ही कापं तळतो, ते निखाऱ्यावर अख्खा भाजतात.

तेव्हा रिसॉर्टातलं चिकन मायामीच्या कंटेनरमधून आलं म्हणून नकली आणि रम शॉपमधलं खरं, असा हिशेब मांडू नका. दोन्ही एकाच कंटेनरमधून आलेली असू शकतात. कॅरिकॉमच्या, म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेतल्या सरकारांनी अन्नाची आयात २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं, आता ती मुदत २०३० वर गेली आहे. यावरून काय ते समजा.

मुक्कामपोस्ट:
गलबत, माल कुठला हा माझा मुद्दाच नव्हता. बटाटा, मिरची, साबुदाणा यातलं काहीच मूळचं आपलं नाही, म्हणून उपासाची खिचडी पोर्तुगीज होते का? कॅनडाचा कॉड घेऊन त्याचे फिश केक तिथल्या बायांनी केले. दोन फिश केक पावात घालून 'ब्रेड अँड टू' खाणारा शाळकरी पोरगा कॅनडाचं जेवण जेवत नसतो. मुद्दा एवढाच की ते कोण, कोणासाठी रांधतंय. रिसॉर्टातली बाई माझ्यासाठी रांधते, म्हणून मिरची कमी घालते. रम शॉपमधली शेजाऱ्यांसाठी रांधते. मला शेजाऱ्यांचं ताट हवंय.

नलूताई, तुमची अडचण मान्य. पण ब्रिजटाऊनमध्ये रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या 'आयटल' खानावळी आहेत. मांस नाही, मीठही बरेचजण घालत नाहीत. डाळी, कंद, नारळाचं दूध. सासूबाईंना अळणी लागेल, पण शेपटी निघणार नाही.

दुर्मुख:
मग बार्बाडोसच्या ऑइस्टिन्स गावातली शुक्रवारची फिश फ्राय काय आहे? तुमच्यासारखे सगळे तिचे गोडवे गातात. कोळ्यांच्या बाजाराशेजारी रंगवलेली दुकानं, समोर पर्यटकांच्या बसगाड्या, स्टेजवर मोठ्याने सोका संगीत. तुमचे 'शेजारी' मला तिथे स्टॉलच्या पलीकडच्या बाजूलाच दिसले, तेही मासे तळताना. शिवाय उडत्या माशाची आवक घटलीय आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळाने तिथल्या मासेमारीच्या कितीतरी बोटी फोडल्या. ताटात मार्लिन किंवा माही-माही येतो. तोही चांगला लागतो, प्रश्न तो नाही. पण राष्ट्रीय पदार्थातला मासाच दुर्मिळ झाला असेल, तर तुम्ही जुन्या आठवणीचे पैसे मोजता.

आणि तिथले लोक खरंच काय खातात ते सांगू? शेफेटला जातात. १९७२ पासूनची तिथली फास्ट फूडची साखळी, गल्लोगल्ली पिवळ्या-जांभळ्या पाट्या. मॅकडोनल्ड्स १९९६ मध्ये आलं ते वर्षभरही टिकलं नाही आणि शेफेट अजून धो-धो चालतंय. रांग हीच कसोटी असेल, तर शेफेटची चिकन रोटी अस्सल ठरते. चालेल तुम्हाला?

मुक्कामपोस्ट:
शेफेट? पळेल! मी खाल्लीय ती रोटी. तिच्यात बटाटा सढळ हाताने घालतात, ही माझी एकमेव तक्रार. ऑइस्टिन्सबद्दल मात्र तुम्ही स्टेजपुढेच उभे राहिलात असं दिसतं. जुनी गाणी लागतात त्या बाजूला जरा सरका. तिथे सत्तरीची जोडपी इस्त्रीच्या कपड्यांत नाचत असतात, ती कुठल्याही टूरवाल्याने आणलेली नसतात.

टोरांटोकर:
रोटीचा विषय निघालाच आहे, तर तुम्ही सगळे चुकीच्या बेटावर भांडताय. खायला जायचं तर त्रिनिदादला जा. तिथे रिसॉर्टांचा सुळसुळाट नाही. तेल-वायूवर देश चालतो, पर्यटकांच्या जिभेची काळजी करायला कुणाला वेळ नाही, म्हणूनच जेवण शाबूत राहिलं.

नलूताई, हे खास तुमच्यासाठी: डबल्स. सकाळी रस्त्याकडेला गाडी लागते. हळद घातलेले, तळलेले दोन मऊ 'बारा' (पुरीसारखा प्रकार), त्यांच्यावर चण्याचा रस्सा, चिंच, काकडी आणि मिरची. विकणारा एका हाताने कागद धरतो, दुसऱ्या हाताने बारा टाकून चणे ओततो आणि कागदाला पीळ देतो. हे सगळं तुम्ही पाकीट काढेपर्यंत. मिरची 'स्लाइट' सांगायची. उभ्या उभ्या खायचं, किती खाल्ले ते आपणच शेवटी सांगायचं आणि पैसे द्यायचे. पूर्ण शाकाहारी. दक्षिणेला डेबे गावात अशा खाण्याची दुकानं ओळीने आहेत: फुलौरी, आलू पाय, सहीना. सहीना म्हणजे अळूची पानं आणि डाळीच्या पिठाचा तळलेला प्रकार. अळूवडीवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही.

दुर्मुख:
म्हणजे हजारो मैल उडून जाऊन छोले-भटुरे आणि अळूवडी खायची? ते भारतीय जेवण झालं. वेस्ट इंडियन कसलं?

टोरांटोकर:
ही आपल्याकडच्या पर्यटकांची ठरलेली टेप आहे. डबल्स हातात पडले की 'अरे, हे तर आपलंच!' भारतीय मजुरांचं पहिलं जहाज 'फातेल रझाक' कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ ला पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. गिरमिटिया मजूर त्यानंतर १९१७ पर्यंत जात राहिले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. भटुरे त्यांच्या गावीही नव्हते. डबल्स निघाले १९३० च्या दशकात, तिकडच्या प्रिन्सेस टाऊनला. त्या चण्यात शाडो बेनी नावाची लांब पानांची, कोथिंबिरीच्या वासाची वनस्पती पडते आणि वर स्कॉच बॉनेट. हा पदार्थ दिल्लीत कुणी केला नाही, पुण्यातही नाही. आज तो आफ्रिकन वंशाचा टॅक्सीवाला आणि भारतीय वंशाची मास्तरीण एकाच गाडीवर खातात. दोघांपैकी कुणालाच 'हे आपलं की त्यांचं' हा प्रश्न पडत नाही. तो फक्त आपल्याला पडतो.

दुर्मुख:
प्रश्न पडतो म्हणून तर एवढं टंकताय! गंमत बाजूला. पण मग कालालूचं काय? अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, सगळं घोटून एकजीव. आमच्या आजीने बघितलं असतं तर शेंगदाणे-मुळा कुठे गेला, एवढंच विचारलं असतं. त्यात खेकडा टाकला की वेस्ट इंडियन, नाहीतर फदफदं?

गलबत:
खेकडा टाकलेलं फदफदं मला चालेल, जहाजावर पाठवून द्या.

नलूताई:
टोरांटोकर, डबल्स पटले. पण एक सांगा, त्रिनिदादला पोहण्यासारखा समुद्र आहे का? सासूबाईंना पाण्यात पाय सोडून बसायचं असतं. नुसतं खायला एवढा प्रवास मी करणार नाही.

टोरांटोकर:
मराकास बे आहे, पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगर ओलांडून साधारण तासाभरावर. लाटा जोरदार असतात, काठावरच बसा. तिथे बेक अँड शार्क प्रसिद्ध आहे, तो तुमच्या कामाचा नाही. टोबॅगोला गेलात तर समुद्र शांत आहे.

नलूताई:
म्हणजे बार्बाडोसच बरं. रिसॉर्टच घेणार, पण एका दुपारी त्या आयटलवाल्याकडे जाऊन येईन. मुक्कामपोस्ट यांनी याला विजय समजू नये.

मुक्कामपोस्ट:
समजलोच आहे. गलबत, तुमची बोट शनिवारी लागली तर प्रवाशांना सांगा, बंदरातून गावाकडे चालत निघालं की वाटेतच चीपसाइड बाजार लागतो. शनिवारी तो भरलेला असतो, पण सकाळीच गाठायचा.

गलबत:
सांगतो. पण आमचे निम्मे प्रवासी बंदराच्या फाटकाबाहेर पडतच नाहीत, आणि जे पडतात ते बीचच्या टॅक्सीत बसतात. साउससाठी रांगेत आम्ही गॅलीवालेच उभे असतो.