मँगनाइटमध्ये नुसता 'यू' पुरत नाही

मँगनाइट या मँगनीज-ऑक्सिजनच्या चुंबकीय संयुगांबद्दल 'सगळं इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या अपकर्षणाने, म्हणजे यू-ने घडतं, स्फटिकातल्या अणूंच्या जाळीची कंपनं दुय्यम' असं एक मत आहे, ते पटत नाही. २० टक्के कॅल्शियमच्या लॅन्थनम मँगनाइटमध्ये ऑक्सिजन-१६ च्या जागी त्याचा जड समस्थानिक ऑक्सिजन-१८ घातला की क्युरी तापमान (ज्याच्या खाली पदार्थ लोहचुंबकीय होतो) सुमारे २० केल्विनने उतरतं. यू-ला अणूचं वस्तुमान कुठे कळतं?

मात्र हे तपासताना दोन्ही समस्थानिकांचे नमुने वेगळ्या नळ्यांत, पण एकाच भट्टीत, सारख्या दाबाखाली तापवा. ऑक्सिजन जरा कमीजास्त झाला तरी मँगनीजची संयुजा बदलते आणि क्युरी तापमान त्यानेच सरकतं. नंतर समस्थानिक उलटा बदला. क्युरी तापमान मूळ जागी यायलाच हवा.

इंदूरकरांना इंडस-२ हा क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन जवळच आहे. तिथे मँगनीजच्या के-कडेवर (सर्वांत आतले इलेक्ट्रॉन क्ष-किरण शोषू लागतात ती ऊर्जा, ६.५४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एक्झाफ्स, म्हणजे क्ष-किरण शोषणावरून शेजारच्या अणूंची अंतरं काढणारं मापन, घ्या: क्युरी तापमानाखाली मँगनीज-ऑक्सिजन अंतरांतली विषमता घटताना दिसते, म्हणजे जाळीही यात सामील आहे.