शब्दचर्चा: एमआरआयमधल्या ‘मार्कर’ला काय म्हणावं?

प्रश्न: एमआरआय पाहत सुई नेमक्या जागी न्यायची असते, तेव्हा शरीरात किंवा लगतच्या चौकटीत बसवलेले ‘फिड्युशियल मार्कर’ संगणक आपोआप शोधतो. याला ‘चिन्हकांचे स्वयंचलित स्थानिकीकरण’ म्हटलेलं वाचलं. अर्थबोध शून्य. पर्याय सुचवा.

– ‘स्थानिकीकरण’ नकोच, ते सॉफ्टवेअर स्थानिक भाषेत आणण्यासाठी रुळलंय. इथे ‘स्थाननिश्चिती’. मार्करला ‘संदर्भखूण’. फिड्युशियलच्या मुळाशी लॅटिनमधला ‘विश्वास’ आहे: जिच्या भरवशावर बाकीचं मोजायचं ती खूण. नुसतं ‘मार्कर’ ठेवलंत तर कर्करोगाच्या लेखात वाचक ट्यूमर मार्करकडे, म्हणजे कर्करोगाची सूचना देणाऱ्या रक्तातल्या पदार्थाकडे वळेल.

– पण खूण म्हणजे दिसणारी गोष्ट ना? प्रोस्टेट ग्रंथीत मार्कर म्हणून ठेवलेला सोन्याचा दाणा एमआरआयमध्ये स्वतः दिसतच नाही. सिग्नल येतो पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा (प्रोटॉनचा). सोन्यात ते नाहीत, म्हणून तिथे काळा ठिपका उरतो. याउलट त्वचेवर चिकटवलेली ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल आतल्या तेलामुळे पांढरी चमकते.

– काळा ठिपका हीसुद्धा खूणच की. खरी पंचाईत पुढे आहे. कॅल्शियमचा खडाही तसाच काळा दिसतो. म्हणजे आधी ‘खूण ओळखणे’ (हा दाणा की खडा?) आणि मग ‘स्थाननिश्चिती’ (त्याचा मध्य कुठे?). ही दोन कामं अनुवादात एक करू नका. ग्रेडियंट एको नावाच्या एमआरआय पद्धतीच्या चित्रात तर ठिपका दाण्यापेक्षा मोठा उमटतो, त्यामुळे ओळख बरोबर आली तरी मध्य सरकू शकतो.

– चौकटीवरच्या खुणांचं एक छान उदाहरण: रसेल ब्राउन या अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्याने 1978 मध्ये सीटी स्कॅनसाठी शोधलेली आणि पुढे एमआरआयमध्येही वापरात आलेली ‘एन’ आकाराची रचना. दोन उभे दांडे, मध्ये एक तिरका. प्रत्येक आडव्या छेदात (स्कॅनच्या एका पातळ कापाच्या चित्रात) तीन ठिपके दिसतात. छेद वर-खाली गेला की मधला ठिपका एका दांड्याकडून दुसऱ्याकडे सरकतो. अंतरांच्या गुणोत्तरावरून छेदाची त्या जागची उंची कळते. असे तीन ‘एन’ असले की अख्ख्या छेदाची जागा आणि कल दोन्ही हाती येतात.

– मग चित्रातल्या खुणा आणि प्रत्यक्षातल्या खुणा एकमेकींवर बसवणं, म्हणजे ‘रजिस्ट्रेशन’, याला कृपया ‘नोंदणी’ म्हणू नका. रुग्णाचा केसपेपर काढताहेत असं वाटतं. ‘जुळवणी’ म्हणा.

प्रश्नकर्ता: मग ‘संदर्भखुणांची आपोआप स्थाननिश्चिती’ असं लिहितो. ‘स्वयंचलित’ यंत्राला शोभतं. कॅथेटरच्या (शरीरात सरकवायच्या बारीक नळीच्या) टोकावरच्या सूक्ष्म कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, मात्र ‘खूण’ म्हणवत नाही, ती स्वतःच सिग्नल टिपते. तिथे सरळ ‘कॉइल’ ठेवू?

– ठेवा. आणि तिच्या ‘ट्रॅकिंग’ला ‘मागोवा’.