मेकॅनिकलच्या एम.टेक.साठी पवईला जाण्यापूर्वी: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. कळवण्यास आनंद वाटतो की आमच्या थोरल्या मुलीला गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेतील गुणांवर आयआयटी मुंबईच्या मेकॅनिकल विभागात, थर्मल अँड फ्लुइड्स या शाखेत, टीएशिपसह (म्हणजे अध्यापनात मदत करून विद्यावेतन मिळवण्याच्या सोयीसह) एम.टेक.चा प्रवेश मिळाला आहे. वर्ग जुलैच्या अखेरीस सुरू होतील, आणि मधल्या दीड-दोन महिन्यांत तिने काय करावे यावर आमच्या घरात मात्र एकमत होत नाही. तिच्या बाबांच्या मते तिने गेटचाच अभ्यास पुन्हा एकदा करून ठेवावा, तर आजोबा म्हणतात की वर्षभर पोरीने रात्रीचा दिवस केला आहे, आता तिला झोपू द्या. बी-१०४ मधील सर स्वतः एम.टेक. झालेले आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात, तेव्हा त्यांनी आणि इतर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बी-१०४ : वहिनी, तुमच्या मुलीचे आणि तुम्हा उभयतांचे मनःपूर्वक अभिनंदन. आजोबांचे म्हणणे पहिले पंधरा दिवस शब्दशः मानावे, असे मला खरोखर वाटते. थकलेल्या मुलाने पहिल्या सत्राला सामोरे जाणे चांगले नव्हे. परंतु त्यानंतर गेटची पुस्तके पुन्हा उघडू नयेत, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे मुलांना एक विशिष्ट सवय लागते. सूत्र आठवायचे, आकडे घालायचे, उत्तर टाकून पुढे जायचे. एम.टेक.च्या वर्गात याच्या नेमके उलट मागितले जाते. तेथे सूत्र कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, ते कोठे मोडते आणि ते मुळापासून कसे काढायचे हे विचारतात, आणि एकेक प्रश्न दोन-तीन पाने खातो. त्यात दोन वर्षांच्या एम.टेक.मधील बहुतेक विषय पहिल्या वर्षातच संपतात व दुसरे वर्ष प्रबंधाचे असते. म्हणजे ज्या गुणांवर पुढे बरेच काही अवलंबून राहणार, ते पहिल्या सत्रापासूनच ठरू लागतात. प्रत्येक विषयाची श्रेणी बहुधा वर्गातील इतरांच्या तुलनेत ठरते, आणि ते इतरही देशभरातून गेटमध्ये वर आलेलेच असतात.

म्हणून माझा आग्रह गणितावर आहे. या शाखेत जी मुले पहिल्या सत्रात अडखळतात ती थर्मोडायनॅमिक्समध्ये क्वचितच अडखळतात. त्यांचे पाऊल अडते ते सदिश कलनात, टेन्सरच्या लिखाणात आणि आंशिक विकलक समीकरणांत. द्रवाचा प्रवाह कसा होतो हे सांगणारे नेव्हिए-स्टोक्स समीकरण पदवीला आपण पाठ करतो, परंतु त्यातील प्रत्येक पद संवेग-अक्षय्यतेच्या नियमातून कसे येते हे कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, लिहून दाखवता आले पाहिजे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्याने विनामूल्य आहेत. तिने द्रवयांत्रिकीची एक मालिका आणि रेषीय बीजगणिताची एक, अशा दोनच निवडाव्यात आणि शेवटपर्यंत पाहाव्यात. दहा मालिकांची पहिली तीन-तीन व्याख्याने पाहण्यातून काही हाती लागत नाही.

आणि एक काम तिने अवश्य करावे. धातूच्या एका सरळ दांड्यातून उष्णता कशी वाहते याचा छोटा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहावा. दांड्याची दोन्ही टोके शून्य तापमानावर धरावीत, सुरुवातीचे तापमान साइनच्या वक्राप्रमाणे घ्यावे आणि परिमित अंतर पद्धतीने, म्हणजे दांड्यावर समान अंतरावर बिंदू घेऊन, काळाची एकेक पायरी पुढे जावे. या प्रश्नाचे अचूक उत्तर कागदावर काढता येते, कारण तो वक्र आपला आकार न बदलता घातांकी गतीने विरत जातो. त्यामुळे आपला प्रोग्रॅम किती चुकतो हे ताडून पाहता येते. त्यानंतर तिने काळाचे पाऊल मुद्दाम मोठे करून पाहावे. औष्णिक विसरणशीलतेला (धातूत उष्णता किती झपाट्याने पसरते ते दाखवणाऱ्या संख्येला) काळाच्या पावलाने गुणून अंतराच्या पावलाच्या, म्हणजे लगतच्या दोन बिंदूंमधील अंतराच्या, वर्गाने भागले असता येणारी संख्या ०.५ च्या वर गेली, की उत्तर वेडेवाकडे हेलकावू लागते आणि बघता बघता अफाट वाढते. अंतराचे पाऊल निम्मे केले तर काळाचे पाऊल एक चतुर्थांश का करावे लागते, हे तेव्हा तिला कोणी शिकवण्याची गरज उरणार नाही. संगणकीय द्रवगतिकी (प्रवाहाची गणिते संगणकावर सोडवणे) हा विषय पुढे कितीही अवघड झाला तरी त्याचा गाभा या एका प्रोग्रॅममध्ये दिसतो, आणि तो ज्याने स्वतः लिहिला आहे असा विद्यार्थी तयार सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रांवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

सी-२०१ : मी निवृत्त बँक कर्मचारी या नात्याने केवळ पैशांविषयी लिहितो. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला सध्या दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि त्यापोटी आठवड्याला आठ तास टीएचे काम करावे लागते. तथापि हे पैसे प्रवेशाची सर्व प्रक्रिया पूर्ण झाल्यावर सुरू होतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांचा मेसचा व किरकोळ खर्च घरून वेगळा काढून ठेवावा. आधार बँक खात्याशी जोडलेले आहे की नाही हे आताच तपासावे, आणि आधारवरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही पाहावे. कर्जाची गरज वाटल्यास पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली असून तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते.

डी-१०५ : काकू, कागदपत्रांबद्दल मी लिहिते, कारण आमच्या तुकडीत काही मुलांची याच बाबतीत फार ओढाताण झाली होती. आरक्षणाचा लाभ घेतला असेल तर राज्याचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आयआयटीत चालत नाही, मग त्याची मुदत शिल्लक असली तरीही. केंद्राच्या नमुन्यातील, चालू वर्षाच्या १ एप्रिलनंतर दिलेले प्रमाणपत्र लागते. भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग या आपल्या राज्यातील वेगळ्या वर्गवाऱ्या केंद्राकडे नाहीत. त्यांतील ज्या जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत त्या तेथेच धरल्या जातात, म्हणून आपली जात त्या यादीत आहे याची खात्री आधी करून घ्यावी. जूनमध्ये सेतू केंद्रावर दहावी-बारावीच्या प्रवेशांची झुंबड असते, तेव्हा अर्ज याच आठवड्यात करावा.

शेवटच्या सत्राचा निकाल लागायचा असेल तर संस्था तात्पुरता प्रवेश देते आणि पदवीचा पुरावा सादर करण्यासाठी साधारणतः सप्टेंबर अखेरपर्यंत मुदत देते. महाविद्यालयातून दाखला काढताना त्याच्या आणि सर्व गुणपत्रिकांच्या भरपूर साक्षांकित प्रती व स्कॅन करून ठेवाव्यात.

बी-४०३ : अभिनंदन आहेच, परंतु एक शंका मोकळेपणाने मांडतो. मेकॅनिकलमध्ये दोन वर्षे घालवून मुले शेवटी सॉफ्टवेअरच्याच नोकऱ्या घेताना दिसतात. तिच्याकडे आज नोकरीचे पत्र असेल, तर ते सोडणे शहाणपणाचे ठरेल का?

बी-१०४ : शंका योग्य आहे आणि ती प्रवेश घेण्यापूर्वीच विचारायला हवी, हे मी मान्य करतो. मुले सॉफ्टवेअरकडे वळतात हे खरे आहे. मात्र टर्बाइनची पाती थंड ठेवणे, विद्युत वाहनांच्या बॅटरीतील उष्णता काढून घेणे, डेटा सेंटर शीत ठेवणे अशा कामांच्या संशोधन विभागांत शिरायचे असेल तर नुसती पदवी बहुधा अपुरी पडते, आणि पीएच.डी.चा विचार असेल तर हा रस्ता आणखी सरळ आहे. आयआयटीत नोकरीच्या मुलाखती दुसऱ्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून सुरू होतात. तेव्हा प्रबंधाचे काम अर्धेच झालेले असते, आणि उमेदवाराला बोलण्यासारखे जे काही असते ते त्या अर्ध्या कामातूनच येते. म्हणून मार्गदर्शक निवडताना तिने केवळ नाव पाहू नये. विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्राध्यापकाचे अलीकडचे शोधनिबंध दिलेले असतात. त्यांतील दोन-तीन, न समजले तरी, जुलैपूर्वी वाचावेत, आणि गेल्यावर त्या प्रयोगशाळेतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी जाऊन बोलावे. मार्गदर्शक आठवड्याला किती वेळ देतात हे त्या मुलांइतके खरे कोणीच सांगत नाही.

ए-३०२ : सर, ती माझ्या शेजारीच बसून हे सर्व वाचते आहे आणि पुढचा संदेश तिचाच आहे.

ए-३०२ (मुलगी) : सर, नमस्कार. नोकरीचे पत्र मला आले होते, पण मला बॅटरी कूलिंगमध्येच काम करायचे आहे, म्हणून मी हा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. दांड्याचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहू की सी++ मध्ये? आणि प्रवाहाची गणिते सोडवणारे ओपनफोम हे विनामूल्य सॉफ्टवेअर आतापासूनच शिकायला सुरुवात करू का? पदवीला आम्ही फक्त विकतचे सॉफ्टवेअर वापरले आहे.

बी-१०४ : बाळ, पायथनमध्येच लिही. या टप्प्यावर तुझे लक्ष भाषेच्या नियमांकडे न राहता गणिताकडे राहिले पाहिजे. ओपनफोम सी++ मध्ये लिहिलेले आहे आणि ते प्रामुख्याने लिनक्सवर चालते, त्यामुळे जूनमध्ये लॅपटॉपवर लिनक्स टाकून त्याच्या आज्ञांची सवय कर, एवढे पुरे. त्यासाठी आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्याचे अनेक धडे मराठीतही ऐकायला मिळतात. ओपनफोमवर तेथील फॉसी प्रकल्पाचे बरेच साहित्य आहे, ते पहिले सत्र मार्गी लागल्यावर पाहा. प्रोग्रॅम लिहून झाला की काळाची तीन वेगवेगळी पावले घेऊन आलेले आलेख आणि कागदावरचे उत्तर घेऊन रविवारी सकाळी आमच्याकडे ये. चूक किती आहे आणि पाऊल लहान केल्यावर ती कोणत्या प्रमाणात घटते, हे आपण दोघे बसून पाहू.