अरुबा: पाम बीच की ईगल बीच? सासू-सासरे आणि ९ वर्षांची लेक सोबत

नमस्कार मंडळी,
आम्ही अमेरिकेत राहतो, लेकीच्या स्प्रिंग ब्रेकला ६ रात्री अरुबाला, म्हणजे कॅरिबियनमधल्या बेटावर, जायचं चाललंय. आम्ही दोघं, लेक आणि भारतातून आलेले आईबाबा म्हणजे माझे सासू-सासरे. नवऱ्याला आणि लेकीला पाम बीचच हवाय, संध्याकाळी हॉटेलातून खाली उतरलं की दुकानं, गाणी, माणसांची वर्दळ. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. रात्री उशिरापर्यंत खाली गाणी चालू असतील तर त्या दोघांची झोप होणार नाही, म्हणून मला ईगल बीच बरा वाटतोय, पण मग लेक कंटाळेल. दोघंही आयुष्यात पहिल्यांदा असा निळा समुद्र बघणार आहेत म्हणून जागा चुकायला नको असं फार वाटतं.
आईबाबांचा, नवऱ्याचा व्हिसा ठीक आहे, लेकीचा पासपोर्ट अमेरिकन. माझा पासपोर्टवरचा एच-वन-बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) स्टॅम्प गेल्या वर्षी संपलाय पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आहे आणि आय-९४ ची (अमेरिकेत राहायच्या परवानगीची) मुदत पण बाकी आहे, मध्ये कॅनडाला जाऊन तेवढ्यावर परत आलेय त्यामुळे त्याचं काही नाही. रविवारी तिकिटं काढायची आहेत, कोणी राहून आलं असेल तर प्लीज सांगा.
— लाटालहरी

लाटालहरी, आम्ही दोनदा गेलोय, एकदा इकडे एकदा तिकडे. पाम बीचला उंच उंच हॉटेलं, एकाला एक लागून, मागच्या रस्त्यावर रेस्टॉरंट आणि दुकानांची रांग, पासेओ एरेन्सियाच्या चौकात संध्याकाळी कारंज्यांचा शो असतो तो माझ्या मुलांनी रोज बघितला. आणि समुद्र इतका शांत की लहान मुलाला कमरेएवढ्या पाण्यात बिनधास्त सोडावं. आवाजाचं म्हणाल तर बीचच्या किंवा पूलच्या बाजूची खोली घेऊ नका, वरच्या मजल्यावरची मागून घ्या, झोप होते.
ईगल बीच म्हणजे रुंद पांढरी वाळू, बुटकी हॉटेलं आणि वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली ती फोफोटीची झाडं. तिथे बऱ्याच ठिकाणी खोलीत स्वयंपाकघर मिळतं, आईंसाठी ते सोन्यासारखं आहे. आम्ही पोचल्या दिवशी सुपरफूड नावाच्या दुकानातून तांदूळ, भाज्या, दही आणलं आणि रोज एक वेळ वरणभात खोलीतच, डाळ आणि मसाल्याच्या पुड्या घरून नेल्या होत्या. बाहेर खाताना तिथली पान बाती (मक्याच्या पिठाचा जाड पॅनकेक) गोड लागते, पण पिठात अंडं असतं बऱ्याचदा, विचारून घ्या.
दोन्हीमधलं अंतर फार नाही, अरुबसची बस जाते, टॅक्सीला मीटर नसतो, दर सरकारने ठरवलेले असतात, बसायच्या आधी विचारायचं. मी असते तर ईगलला राहिले असते आणि लेकीला संध्याकाळी पाम बीचला नेलं असतं.
— वाळूतली पावलं

वरच्या प्रतिसादाला +१, फक्त वाऱ्याचं कोणी बोललं नाही. तिथे दिवसभर वारा असतो, ऊन लागतंय ते कळतच नाही, माझ्या आईच्या मानेची आणि पावलांची साल निघाली होती दुसऱ्या दिवशी. आईबाबांना फुल बाह्यांचं काहीतरी आणि गळ्याखाली बांधायची टोपी द्या, साधी टोपी उडून जाते. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे २०२० पासून बंदी आहे, मिनरलवालं घ्या. सावलीसाठी गवताच्या छपरीखालची जागा हॉटेलकडून मिळते का, बुकिंग लागतं का ते आधीच विचारा, बाबांना दुपारी तीच लागणार. आणि नळाचं पाणी खुशाल प्या, समुद्राचं पाणी गोडं केलेलं असतं, चांगलं आहे.
मार्चपासून ईगलवर मोठी कासवं अंडी घालायला येतात, घरट्याभोवती कुंपण घालून ठेवतात, लेकीला नक्की दाखवा, लांबूनच आणि रात्री टॉर्च न मारता.
— दर्यावर्दी

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि रविवारी तिकिटं काढू नका.
कॅनडाहून तुम्ही परत आलात ते ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर, म्हणजे स्टॅम्प संपला असला तरी आय-९४ वर परत येऊ देण्याच्या सवलतीवर. ती सवलत ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा आणि मेक्सिकोच्या ट्रिपला आहे. कॅरिबियन बेटांवरून तसं परत यायची मुभा फक्त एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, एच-वनला नाही. आणि अरुबाला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्याच विमानतळावर होतं, म्हणजे तुम्हाला विमानात बसूच देणार नाहीत, आईबाबा आणि लेक गेटपाशी आणि तुम्ही अलीकडे. अमेरिकेची वकिलातही अरुबात नाही, जवळची क्युरासाओला, आणि तिथे तुम्हाला स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला दुसऱ्या बेटावर ३ आठवडे काढावे लागले, बायको-मुलं परत आली आणि तो तिकडे एकटा. कृपा करून तुमच्या वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.
— कागदपत्रवाला

बापरे. आत्ता वाचलं, हात गार पडले. वकिलांना लगेच मेल केला, त्यांचंही तेच उत्तर आलं, अजिबात जाऊ नका म्हणाले. कागदपत्रवाला, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. आईबाबा मे महिन्यात परत जाणार, स्टॅम्पिंग त्याआधी होणार नाही. त्यांना कॅरिबियन दाखवायचं राहूनच जाणार का?
— लाटालहरी

राहायला कशाला पाहिजे, पोर्तो रिकोला जा ना. कॅरिबियनच आहे आणि अमेरिकेचाच भाग, विमान डोमेस्टिक, इमिग्रेशनची रांग नाही, येताना फक्त शेतीखातं बॅगा स्कॅन करतं, फळं-झाडं आणू नका म्हणून. तरी सगळ्यांचे पासपोर्ट आणि तुमचं ७९७ जवळ ठेवा. गजबज हवी तर तिथली राजधानी सान हुआनमध्ये दोन जागा, कोन्दादो आणि इस्ला व्हेर्दे. कोन्दादोच्या अ‍ॅशफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्रीपर्यंत माणसं, पण तिथल्या उघड्या समुद्राला ओढ फार आहे, लेकीला तिथे पाण्यात सोडू नका, जवळच प्लायिता म्हणून छोटा आडोशाचा किनारा आहे तिथे न्या. इस्ला व्हेर्देची वाळू रुंद आहे आणि विमानतळ अगदी जवळ, बाबांच्या गुडघ्यांना ते बरं. लाल झेंडा असेल तर तिथेही पाण्यात जायचं नाही. मोफोंगो हा तिथला पदार्थ कच्च्या केळ्याचा असतो पण बहुतेक वेळा त्यात डुकराची चरबी किंवा मांस घालतात, आईंसाठी स्पष्ट सांगून वेगळा करून घ्या.
— दर्यावर्दी

नवरा आणि लेक दोघंही तयार झाले. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मला पाण्यात पाय घालून बसता आलं म्हणजे झालं. इस्ला व्हेर्देला स्वयंपाकघर असलेली, लिफ्ट असलेली जागा शोधतेय, वरच्या मजल्यावरची. कोणी राहिलं असेल तर खोलीत मायक्रोवेव्ह होता की गॅसची शेगडी तेवढं सांगा, कुकर न्यायचा की नाही ते ठरवायचंय.
— लाटालहरी