शब्दचर्चा: ‘पर्सुएशन’ म्हणजे गळ, आर्जव की शिष्टाई?

फासेवाला (नौपाडा, ठाणे)
दर शनिवारी आमच्याकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पाच जण, त्यातले दोघं ऐरोली आणि नेरूळहून ट्रान्स-हार्बरने येतात. गोष्ट चालवणारा डीएम मीच, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. यंदा नववीतली भाची खेळायला यायला लागली आणि डाव आपोआप मराठीत सरकला, म्हणून पात्राची पत्रिकाही, म्हणजे त्याचे गुण आणि आकडे लिहायचा कागद, मराठीत करायला घेतली. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण इथपर्यंत गाडी सुरळीत आली. सहावा गुण करिझ्मा, म्हणजे माणसाची छाप, आणि त्याच्या हाताखालची पर्सुएशन, डिसेप्शन, इंटिमिडेशन, परफॉर्मन्स ही चार कौशल्यं, इथे अडलो.

पहिल्या खर्ड्यात अनुक्रमे ‘पटवणे, फसवणूक, धमकी, सादरीकरण’ लिहिलं. ‘पटवणे’ वाचून भाची आणि नेरूळकर एकमेकांकडे बघून जे हसत सुटले, ते अर्धा तास. त्यात तिच्या पात्राच्या, म्हणजे शाहिरिणीच्या, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले आणि तिने जाहीर केलं, “राजाला पटवलं. आता राज्य माझं!” शब्द सुचवा. लवकर सुचवा, शनिवार जवळ आलाय.

जुनी शाई
फासेवाले, एकच शब्द शोधताय तिथेच गफलत आहे. इंग्रजीत एका शब्दाखाली जे खपतं, त्याला मराठीत निदान अर्धा डझन क्रियापदं आहेत, आणि प्रत्येकात बोलणारा कुठे उभा आहे ते आधीच ठरलेलं आहे.

‘समजूत घालणे’ वरच्याने खालच्याची. आजी नातवाची समजूत घालते, नातू आजीची घालायला गेला तर आगाऊ ठरतो. ‘गळ घालणे’ त्याच्या उलट: समोरच्याच्या हातात काहीतरी आहे आणि आपल्याला ते हवं आहे. ‘मनधरणी’ला आधी कुणीतरी रुसलेलं लागतं, न रुसलेल्या माणसाची मनधरणी होत नाही. ‘मिनतवारी’त कंबर पार वाकलेली. ‘रदबदली’ स्वतःसाठी करता येत नाही, ती नेहमी तिसऱ्याकरता. आणि ‘शिष्टाई’ दोन पक्षांच्या मधोमध उभं राहून.

‘आर्जव’ तर मजेशीर आहे. मूळ संस्कृत ‘ऋजु’, म्हणजे सरळ. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत आर्जव येतं ते सरळपणा या अर्थाने. मराठीत येईतो त्याचं विनवणं झालं. आडपडदा न ठेवता मागणं म्हणजेच विनवणं, असं काही आपल्या लोकांना वाटलं असावं. हा माझा तर्क, कोशातला नाही.

तेव्हा भाचीला आधी विचारा: तुझी शाहिरीण राजासमोर नेमकं काय करते? विनवते, समजावते, की दुसऱ्या कुणासाठी शब्द टाकते? आकडे नंतर भरा.

वीसफाशी (नेरूळ)
तो हसणारा नेरूळकर मीच. आकडे नंतर कसे भरणार, पात्र आकड्यांवर उभं राहतं. खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे तिचा हिशेब मांडतो. अर्ध-एल्फ शाहीर. सहा गुणांत वाटायच्या ठरलेल्या आकड्यांतला १५ करिझ्माला, त्यात वंशाचे २, झाले १७. त्याचा फायदा +३. शिकलेल्या कौशल्याला प्रावीण्याचे +२. तिसऱ्या पातळीवर शाहिराला दोन कौशल्यांत प्रावीण्य दुप्पट करता येतं, म्हणून पर्सुएशन +७. मध्यम अवघड कामाला फासा आणि हा आकडा मिळून १५ लागतात, म्हणजे फाशावर ८ किंवा वर पडलं की झालं: वीसात तेरा वेळा. त्याच कामाला करिझ्मा ८, म्हणजे -१, असलेला आमचा बुटका कुऱ्हाडवाला गेला तर त्याला १६ पाडावे लागतात, वीसात पाच वेळा.

आणि ‘वीस पडले म्हणजे राज्य माझं’ हे चूक. वीसचा हुकमी विजय हल्ल्याला आहे, असल्या कौशल्याच्या फेकीला त्या पुस्तकात नाही. राजा राज्य देणारच नसेल तर सूत्रधाराने फासा टाकूच देऊ नये.

जुनी शाई
वीसफाशी, तुम्ही नकळत माझीच बाजू घेतलीत. ‘पटणे’ बघा. “मी पटलो” असं आपण म्हणत नाही, “मला पटलं” म्हणतो. पटण्याची क्रिया ऐकणाऱ्याच्या आत होते, बोलणाऱ्याचा तिच्यावर ताबा नाही. वाक्यरचनेतच तुमचा नियम बसलाय.

कृष्णाएवढा करिझ्मा कुणाचा? तो हस्तिनापुरी शिष्टाईला गेला, मागून काय मागितलं तर पाच गावं. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर राहील एवढी मातीही नाकारली. शिष्टाईत उणं काहीच नव्हतं, समोरच्याला पटायचंच नव्हतं.

खाडीपलीकडे (वाशी)
सगळे बोलण्यावरच का अडलात? आजोबा वाशीच्या फळबाजारात होते. आंब्याचा भाव रुमालाखाली ठरायचा, एकमेकांची बोटं दाबून. याला हत्ता म्हणतात. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळत नसे. आजोबा घरी अत्यंत अबोल, बाजारात मात्र त्यांच्यासमोर आढेवेढे घेणारा माणूस पाच मिनिटांत मान हलवायचा. लहानपणी मला वाटायचं, रुमालाखाली ते चिमटे काढतात.

तर असं पात्र का नको? कमी बोलणारं, माणसाचं पाणी जोखणारं. तुमच्या खेळात इनसाइट म्हणून कौशल्य आहे ना? त्याला ‘अंतर्दृष्टी’ लिहू नका, योगासनाच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. ‘पाणी जोखणे’ लिहा.

वीसफाशी (नेरूळ)
‘पाणी जोखणे’ मान्य, एकदम मान्य. फक्त इनसाइट शहाणपणाखाली येतं, करिझ्माखाली नाही. पण म्हणूनच गोडबोल्या पात्राने शहाणपण अगदी ८वर टाकू नये. समोरच्याला काय हवंय तेच कळलं नाही, तर +७ घेऊन करायचं काय? नवखे खेळाडू इथेच मार खातात.

कोशकिडा
मूळ गुणाचं काय? ‘करिश्मा’ लिहिण्याचा मोह होईल, वर्तमानपत्रं पुढाऱ्यांबद्दल सर्रास लिहितात. पण ‘करिश्मा’ फारसीतून आलेला, तिथे ‘किरिश्मा’ म्हणजे नखरा, डोळ्यांचा इशारा. इंग्रजी शब्द ग्रीक, त्याचा अर्थ कृपेने मिळालेलं दान. जत्रेत भेटलेले सारख्या चेहऱ्याचे दोन अनोळखी इसम.

मला ‘वट’ आवडतो. खेळाच्या १९७४च्या पहिल्या आवृत्तीत करिझ्मा मुख्यतः एवढंच सांगायचा की तुमच्या मागे पगारी माणसं किती उभी राहतील आणि ती किती टिकतील. १८ असेल तर बारा जण. गोड बोलण्याशी त्याचा फार संबंध नव्हता. याला मराठीत वटच म्हणतात.

खाडीपलीकडे (वाशी)
किंवा ‘वजन’. पण पत्रिकेत सामानाचंही वजन असतं. ‘वजन १७, उचलू शकते त्याहून जास्त’ असं काहीतरी होईल.

जुनी शाई
उरलेली तीन भराभर. ‘फसवणूक’ नको, ती पोलीस ठाण्यात नोंदवतात. ‘बतावणी’ घ्या, तमाशातली असली तरी सोंग आणणं हा अर्थ जिवंत आहे. शिवाय वेड पांघरून पेडगावला जाणं तिच्यात आपोआप बसतं. ‘सादरीकरण’ म्हणजे कचेरीतल्या स्लाइड्स. ‘रंगवणे’ करा. धमकीऐवजी ‘जरब’. धमकी तोंडाने द्यावी लागते, जरब नुसतं दारात उभं राहूनही बसते.

वीसफाशी (नेरूळ)
जरब झकास. आमचा कुऱ्हाडवाला करिझ्मात कच्चा, पण टेबल मोडून दाखवतो तेव्हा बळाचा आकडा धरून जरब बसवू द्यावी असा वैकल्पिक नियम पुस्तकातच आहे.

पण पर्सुएशन आणि बतावणी यांतली रेघ कुठे? पंताजी गोपीनाथ अफझलखानाकडे बोलणी करायला गेले, महाराज घाबरलेत, वाईला यायला धजत नाहीत, खानानेच जावळीत यावं असं गळी उतरवलं. १६५९. ही शिष्टाई की बतावणी? मी सूत्रधार असतो तर कोणता फासा टाकायला सांगितला असता?

कोशकिडा
त्या काळचा शब्द ‘हेजीब’, म्हणजे वकील, दूत. खोटं बोलला तरी तो हेजीबच, कामच ते. मी बतावणीचा फासा टाकायला लावीन. महाराज भ्यालेत हे ज्या क्षणी खोटं, त्या क्षणी शिष्टाई संपली.

जुनी शाई
मी नाही. भेटायला या, हे बोलावणं खरंच होतं. एका वाक्यात खोटं आणि दुसऱ्यात खरं असेल तर दोन फासे टाका. आणि खानाला एकदा तरी पाणी जोखू द्या.

फासेवाला (नौपाडा, ठाणे)
शनिवार पार पडला. गुणाला ‘वट’ लिहिलं. बतावणी, जरब, रंगवणे, पाणी जोखणे जसंच्या तसं घेतलं. पर्सुएशनची चौकट मोकळी सोडली आणि जुन्या शाईंनी सांगितल्याप्रमाणे भाचीला विचारलं. तिने विचारलं, “मामा, स्टेशनबाहेर तू रिक्षावाल्याला मीटरने चल म्हणून जे करतोस, त्याला काय म्हणतात?” म्हटलं, आर्जव. बायको आतून म्हणाली, “हुज्जत.”

भाचीने ‘गळ घालणे +७’ लिहिलं. दुसऱ्याच प्रसंगात तिला एका रडणाऱ्या गॉब्लिनच्या पोराला गप्प करायचं होतं. वीसफाशी लगेच आडवे आले: ही समजूत घालणं आहे, गळ नाही, +७ मिळणार नाहीत. आता प्रत्येक क्रियापदाला वेगळा आकडा द्यायचा का? तसं केलं तर पत्रिका दोन पानांची होते.

वीसफाशी (नेरूळ)
काहीच देऊ नका असं नव्हतो म्हणालो. दुप्पट प्रावीण्य सोडून +५ द्या म्हटलं, तेवढे मिळाले. पोर गप्प झालं की नाही तेही सांगा ना.

फासेवाला (नौपाडा, ठाणे)
झालं. आणि आता ते पोर तिच्या मागे मागे फिरतंय. वटीच्या खात्यात एक माणूस जमा.